गोपाळच्या प्रेमभंगाची चौकशी

प्रेमात घोटाळा झाला की दोषी कुणीतरी निघावाच लागतो. त्याशिवाय समाजाला झोप लागत नाही. बेळगावचा समाज याबाबतीत फारच जागरूक.

सन १९२६ साली आमच्या हौशी नाट्यमंडळानं एका इंग्रजी सुखान्त नाटकाचा मराठी प्रयोग केला. मूळ नाटकात जहाज फुटतं. बेळगावात समुद्र नसल्यामुळे आम्ही कणकुंबीच्या घाटात बैलगाडी उलटवली. जुळ्या बहीणभावांची ताटातूट होते, बहीण पुरुषवेष घेते आणि मग जो तो भलत्याच्याच प्रेमात पडतो. नायिका झाले होते कचेरीतले कारकून चिंतामणी. (पुरुषानं बाई व्हायचं आणि त्या बाईनं पुन्हा पुरुष व्हायचं, यात कुणाला वावगं वाटलं नाही. खरी बाई रंगमंचावर आली असती तर मात्र धर्म बुडाला असता.)

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी मारुतीराव यांचा मुलगा गोपाळ पुढच्या रांगेत होता. तो नायिकेच्या प्रेमात पडला. नायिकेला मिशा फुटतात हे कळल्यावर त्यानं अन्न सोडलं. तेव्हा कुणीतरी शोध लावला, चिंतामणींना धाकटी बहीण आहे, विद्युल्लता. चेहरा अगदी तोच. मारुतीराव लगोलग बेळगावात, चिंतामणींच्या दारात हजर.

"पोरगं वाळून चाललंय. तुमची पोरगी द्या, म्हंजे सुटलो बघा."

पत्रिका जुळली, कूळ जुळलं, नाक तर आधीच जुळलेलं. विद्युल्लतेला विचारायचं तेवढं राहिलं. (घाईत अशा बारीकसारीक गोष्टी राहतात.)

पोहे देता देता तिनंच गोपाळला विचारलं, "तुम्हाला कोण आवडलंय? मी, की आमचा अण्णा?"

गोपाळ सरळ माणूस. "खरं सांगू?" तो म्हणाला. "पदर सावरावा तर तुमच्या अण्णांनीच."

विद्युल्लतेनं पोह्यांची बशी अण्णाच्या हातात दिली आणि ती आत निघून गेली.

लग्न मोडलं. मंडळानं रघुवीर वकिलांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. नाटककार मयत आणि परदेशस्थ, सबब समन्स बजावता येईना. लुगडं नेसवणारा भरमा म्हणाला, "म्या निऱ्या घाटल्या, प्रेम न्हाय घाटलं." सुटला. चिंतामणींनी कलेची सेवा केली होती. गोपाळचं वय कोवळं (तिशीच्या आतबाहेर). बैलांबद्दल काही काळ चर्चा झाली. अखेर ठरलं, विद्युल्लतेनं प्रश्न विचारलाच नसता तर घोटाळा उघडकीला आला नसता. सबब दोष तिचा. ठराव एकमतानं मंजूर. चिंतामणींनी हात वर करताना मान खाली घातली होती, पण मोजणी हातांची होते.

घरी त्यांनी बहिणीला निकाल सांगितला.

"अण्णा," ती म्हणाली, "तू तरी मला विचारायचं होतंस रे."

चिंतामणींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुन्हा त्यांनी लुगडं नेसलं नाही. विद्युल्लता चिकोडीला मुलींच्या शाळेत शिकवायला गेली.

आता तुम्ही विचाराल, मग गोपाळ तिच्यामागं चिकोडीला गेला का? पाहा. तिला तिथं करमलं का, हे विचारायचं तुम्हालाही सुचलं नाही. या, समितीत एक जागा रिकामी आहे.