साडी वांगी, मान वांगी

हितेंद्र परबला फोटोतल्या वस्तूंचे रंग बदलता यायला लागले आणि परबांच्या घराला साडेसाती लागली. माझगावच्या गोदीत बिलांवर शिक्के मारणारा हा माणूस (तेही अधूनमधून उलटे) मोबाइलवर एक फुकटचा व्हिडिओ बघून रातोरात कलावंत झाला. साहेबांची पांढरी गाडी त्याने लाल केली, लालबागच्या मिरच्या निळ्या केल्या, आणि दोन्ही फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकले. कोणी चकार शब्द काढला नाही. लोक थक्क झाले, असा अर्थ हितेंद्रने काढला.

एवढ्यावर भागलं असतं. पण गौरीच्या सकाळी बायकोच्या साडीला इस्त्री करून द्यायची हुक्की त्याला आली. साडी साधीसुधी नव्हती. सासूबाईंनी, म्हणजे शेवंतीबाईंनी, कणकवलीत चार दुकानं पालथी घालून लेकीसाठी घेतलेली वांगी रंगाची साडी. हितेंद्रच्या एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात मोबाइल. वास आला तेव्हा पदराला इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडली होती.

मेघना रडली नाही. नुसती बघत राहिली. हितेंद्रला रडणं परवडलं असतं.

"आईला फोटो हवाय. भजनाच्या बायकांना दाखवायचाय तिला," ती म्हणाली. "मी सांगते तिला खरं काय ते."

"वेडी आहेस का? तू आपली हिरवी साडी नेस. बाकी माझ्यावर सोड."

(हे वाक्य ज्या घरात हितेंद्र बोलला, त्या घरात पुढे धडगत राहिलेली नाही.)

मेघना हिरवी साडी नेसून, हातभर हिरवा चुडा घालून गौरीपुढे उभी राहिली. फोटो निघाला.

"आता साडीचा रंग जांभळा करतो."

"जांभळा नाही. वांगी."

"तेच ते."

"तेच ते कसं? जांभळा वेगळा, वांगी वेगळा, आमसुली वेगळा."

"मेघना, सॉफ्टवेअरमध्ये भाजीबाजार नसतो," असं म्हणून हितेंद्रने बोटाने पट्टी ओढली. अर्धी साडी वांगी झाली, अर्धी हिरवीच राहिली. त्याने पट्टी आणखी ओढली. मग पार टोकापर्यंत. साडी झाली, चुडा झाला, गौरीपुढचं केळीचं पान झालं. शिवाय हिरव्या पदराची झाक मेघनाच्या अंगावर जिथे जिथे पडली होती, तिथेही वांगी रंग चढला: मानेवर, मनगटावर आणि डाव्या डोळ्याखाली.

"मानेवर काय आहे ते?" मेघनाने विचारलं.

"सावली. फोटोग्राफीत त्याला डेप्थ म्हणतात," म्हणून त्याने फोटो पाठवून दिला.

अर्ध्या तासात दार धडधडलं. बाहेर परळचे जगदीशमामा, म्हणजे शेवंतीबाईंचे सख्खे भाऊ. हातात फोन, फोनच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवर शेवंतीबाई. आणि गॅलरीत, सणाचा स्वयंपाक टाकून, अख्खा मजला.

"जगदीश, धर त्येका! माझ्या चेडवाक मारल्यान!" फोन ओरडला.

"काय हो जावईबापू?" मामा आत शिरले. "सणाच्या दिवशी आमच्या लेकीवर हात उचलता?"

"मी? मामा, मी कशाला..."

"मग मान काळीनिळी कशी? डोळ्याखाली काय झालं?"

"ती डेप्थ आहे हो!"

मामांना डेप्थ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण हाताशी पोळपाट होता, तो त्यांनी उचलला.

मेघना पोळपाट आणि नवरा यांच्या मधे आली. "मामा, मला काही झालेलं नाही. ही बघा मान."

मामांनी मान पाहिली. स्वच्छ होती. "पावडर लावलीस होय? ह्याला वाचवायला?"

"ओलो टॉवेल घे नि पूस!" फोनवरून आज्ञा झाली. शेजारच्या चंपाकाकूंनी टॉवेल आणला. मेघनाने सगळ्यांदेखत मान घासली, मनगट घासलं, डोळ्याखाली घासलं. काही निघालं नाही. गॅलरीतली गर्दी जराशी हिरमुसली.

आता बोलण्यावाचून सुटका नव्हती. हितेंद्रने घाम पुसत मूळ फोटो काढला आणि फोनपुढे धरला. "आई, हे बघा. हिरवी साडी होती, मी फक्त तिचा रंग बदलला. थोडा रंग बाहेर सांडला, एवढंच."

शेवंतीबाईंनी पदराने डोळे पुसले. लेक सुखरूप होती. हितेंद्रनेही सुटकेचा निःश्वास सोडला. तो अर्धाच बाहेर आला.

"हिरवी?" पलीकडून आवाज आला. "मगे माझी साडी खय आसा?"

मेघनाने कपाटातून साडी आणून नवऱ्याच्या हातात ठेवली. (साथ द्यायची ती तिने पोळपाटापुरतीच द्यायची ठरवली होती.) हितेंद्रने पदर उलगडून वर धरला. मामांनी फोन पुढे केला. आणि पदराच्या भोकातून शेवंतीबाईंना आपल्या जावयाचं पूर्ण मुखदर्शन घडलं.

"मारल्यान नाय," त्या संथपणे म्हणाल्या. "जाळल्यान." आणि फोन बंद झाला.

मामांनी पोळपाट जागेवर ठेवला. जेवायला थांबले, पण जावयाशी एक अक्षर बोलले नाहीत. मीठसुद्धा मेघनाकडून मागून घेतलं.

दिवाळी आली. जावयाला दरवर्षी कणकवलीहून शर्टाचं कापड येत असे. पाडव्याच्या सकाळी हितेंद्र आंघोळ करून, अत्तर लावून कुरियरची वाट बघत बसला. कुरियर आला नाही. मोबाइल वाजला. सासूबाईंनी एका शर्टाचा फोटो पाठवला होता. पांढराशुभ्र, घडी घातलेला. खाली लिहिलं होतं:

"पाडव्याची भेट. रंग पसंत नाय पडलो तर तूच बदल."