सोळावा कुठं गेला?

मुलगी बघायला जाणारी मुलं घाबरतात म्हणे. मला कसली भीती? माझ्या बाबतीत तर मुलीचे आई-वडीलच मला बघायला माझ्या प्रयोगशाळेत येणार होते! मैदान माझं, बॅट माझी. सोनिकाला मी छातीठोक सांगितलं, "पंधरा मिनिटं दे. तुझे बाबा 'हो' म्हणूनच बाहेर पडतील!"

"पियुष, बाबा कन्हानला कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर तीस वर्षं होते," ती म्हणाली. "जास्त हुशारी करू नको."

मी नुसता हसलो.

शनिवारी अकराच्या ठोक्याला मारोतराव, कुसुमकाकू आणि सोनिका हजर! माझी विद्यार्थिनी मिनल हिने सगळ्यांना सुरक्षेचे चष्मे वाटले. काकूंनी तो आपल्या चष्म्यावरच चढवला आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्यासारख्या स्टुलावर बसल्या.

"काका, हा लाल लेझर," मी सुरू झालो. "त्याचा एकेक झोत इतका छोटा, की पापणी लवेपर्यंत तसे अब्जावधी मावतील! तो या निर्वात पेटीत आर्गॉन वायूवर पडतो. अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर ओढला जातो, पलटून परत अणूवर आदळतो, आणि मूळ लाल प्रकाशाच्या पंधरापट, सतरापट, एकोणीसपट वेगाने कंप पावणारा प्रकाश निघतो! डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. ते पहा!"

पडद्यावर चकचकीत रेघा उभ्या राहिल्या, प्रत्येकीखाली तिचा आकडा. मी टाळ्यांची वाट पाहत थांबलो. मारोतराव पडद्याला नाक लावून मोजत होते.

"पंधरा... सतरा... एकोणीस... अन् सोळावा कुठं गेला?"

"काका, सम आकडे येत नाहीत."

"काहून?"

"अणू दोन्ही बाजूंनी सारखा असतो. इलेक्ट्रॉन एकदा इकडून आदळतो, एकदा तिकडून. त्यात विषम तेवढे वाढतात, सम रद्द होतात."

"रद्द? कोणाच्या सहीनं?"

"सही नाही काका, निसर्गाचा नियम..."

"मले शिकवू नको गा! ट्रक भरून निघे चौदा टन, पोचे अकरा. ड्रायवर म्हणे, साहेब, रस्त्यातच कमी झाला! तुया या डब्ब्यात गळती हाये. नाई तर कोणी मधातच मारून राहिलं!"

मिनलला अचानक खोकला आला.

तेवढ्यात कुसुमकाकू मदतीला धावल्या. "अवो, चांगलंच हाये ना! शुभकार्यात आकडा विषमच पायजे. एकवीस, एक्कावन... पोराच्या मशीनलेबी समजते!"

सोनिकाने माझ्या दंडाला चिमटा काढला. म्हणजे, आता थांब! पण माझ्या एवढ्या वर्षांच्या अभ्यासाला कोणी कोळशाचा ट्रक म्हटलं होतं!

"मिनल, स्फटिक टाक!"

"सर, नको..."

"टाक म्हणतो ना!"

तिने लेझरच्या वाटेत स्फटिक सरकवला. त्यातून थोडा निळा प्रकाश तयार झाला, लाल प्रकाशात मिसळला, दोन्ही बाजूंचा सारखेपणा मोडला आणि पडद्यावर झळकले सोळा, अठरा, वीस!

"बघा काका!"

"म्हणजे होतेच!" मारोतराव गरजले. "मंग इतका वेळ लपवले काहून?"

काकूंचा चेहरा उतरला. "शुभ चालू होतं वं सोनिका. यानं सोताच मोडलं."

एका मिनिटात दोन्ही मतं गेली! "काढतो, लगेच काढतो!" म्हणत मी स्फटिकाकडे झेपावलो. शर्टाची बाही आरशाच्या स्टँडला अडकली. आरसा गर्रकन फिरला. सोळा गेला, सतरा गेला, सगळेच गेले! पडदा अमावास्येसारखा काळा!

"आता हे कुठं गेले?" मारोतरावांनी अगदी शांतपणे विचारलं.

"माझा हात लागला काका," मी कसंबसं म्हणालो. "जुळवायला दोन महिने लागले होते."

तिघंही चष्मे मिनलच्या हातात देऊन निघून गेले. मला दुपारचा डबा उघडवेना. संध्याकाळी सोनिकाचा फोन आला.

"बाबा हो म्हणाले!"

"काय? कसं काय?"

"म्हणे, पोरगा चोर नाई. चोराच्या हाताले सफाई असते!"

फोन ठेवून मी मिनलला विचारलं, "ही स्तुतीच झाली ना गं?"

"हो सर," ती म्हणाली. "पण तुम्ही हात खिशात ठेवा. मी आरसा लावून राहिली."