अंश असू शकतात
सहलीला प्रत्येक मुलाने खाऊ आणावा, अशी शाळेची सूचना होती. चिमीला शेंगदाण्याचं वावडं होतं. मागे अर्ध्या बिस्किटाने तिचे ओठ सुजून श्वास कोंडला होता आणि अख्ख्या घराची वरात दवाखान्यात निघाली होती. तेव्हापासून बाबा भिंग घेऊनच दुकानात जात. ते विमा कंपनीत नोकरीला होते. बारीक अक्षर कुणाच्या सोयीसाठी असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पोरीच्या बाबतीत शहाणा माणूसही भाबडा होतो.

बिस्किटांवर लिहिलं होतं, ‘शेंगदाण्याचे अंश असू शकतात.’ वेफर्सवर तेच, लिमलेटच्या गोळ्यांवर तेच. वैतागून त्यांनी पाण्याची बाटली पाहिली. तिच्यावरही तेच.

“अहो, पाण्यात शेंगदाणे?”

“असू शकतात म्हटलंय. आहेत असं कुठं म्हटलंय?” दुकानदार म्हणाला. “आणि एका दाण्यानं काय होतंय साहेब? हल्ली पोरांचे लाडच फार.”

बाबांनी तिथूनच वेफर्सच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाई मधाळ बोलत होत्या.

“आमच्या कारखान्यात शेंगदाणा फिरकतसुद्धा नाही, सर.”

“मग लिहिता कशाला?”

“सुरक्षिततेसाठी.”

“कुणाच्या?”

“आमच्या, सर.”

शेवटी बाबांनी पहाटे उठून, कढई दोनदा घासून बटाट्याचे काप स्वतः तळले. शाळेच्या फाटकाशी वर्गशिक्षिकेने डबा अडवला.

“यावर सूचना नाही. सूचना नसलेला पदार्थ धोकादायक समजतात.”

“मी घरी केलेत हो. दाण्याचा कणही नाही. तसं लिहून देतो.”

“तसं चालत नाही. मजकूर ठरलेला आहे. ‘असू शकतात’, आणि खाली सही.”

बस सुटायला आली होती. खिडकीतून चिमी हात हलवत होती. बाबांनी मुकाट्याने डब्यावर, शिवाय पाण्याच्या बाटलीवरही तशी चिठ्ठी चिकटवली आणि डबा तत्काळ मंजूर झाला.

संध्याकाळी चिमी रिकामा डबा घेऊन उतरली. बाबांना बरं वाटलं. मग कळलं की दुपारी वर्गशिक्षिकेने चिठ्ठी वाचून, चिमीच्या काळजीपोटी डबा काढून घेतला होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून काप त्यांनीच संपवले. खुसखुशीत होते म्हणे. पोर दिवसभर पाण्यावरही नव्हती, कारण बाटलीवरही चिठ्ठी होती. सहल मात्र पूर्ण सुरक्षित पार पडल्याचं शाळेने कळवलं.

“बाबा, तुम्ही खोटं का लिहिलंत?”

“सुरक्षिततेसाठी, बाळा.”

“कुणाच्या?”

बाबा कढई घासायला उठले.

सूचना : ही गोष्ट आपण सगळे जिथे वावरतो तिथेच तयार झालेली आहे. तिच्यात वाचकांचे अंश असू शकतात.