काड्याचं शिकाऊ लायसन्स

कुत्र्याचं पिल्लू घरात आलं त्या रविवारी परीक्षकसाहेबांनी आधी त्याच्या टोपलीवर लाल ‘एल’ चिकटवला आणि मगच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तोही एकदाच, उलट्या हाताने, ताप बघावा तसा.

साहेब गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेत. मैदानावर नारिंगी शंकू मांडायचे, उमेदवाराला त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायला लावायची आणि एक जरी शंकू पडला तरी “पुढच्या महिन्यात या” म्हणायचं, हा त्यांचा अठरा वर्षांचा शिरस्ता. बेकरीवाल्या बाई तर चारदा नापास होऊन गेल्या होत्या. ड्रायव्हिंग स्कूलवाले पाठीमागे त्यांना नापाससाहेब म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

फ्रिजवर नियमांचा कागद लागला. साहेबांनी तो उभं राहून वाचून दाखवला.

“जेवण दोनदा. सकाळी आठ, रात्री आठ, तेही त्याच्या वाडग्यात. आपल्या ताटातला एक कणसुद्धा द्यायचा नाही. सोफ्यावर चढायचं नाही. लाडीगोडी बंद. आठ दिवसांचं शिकाऊ लायसन्स. तीन चुका झाल्या की जिथून आणलं तिथे परत.”

“बाबा, तो दोन महिन्यांचा आहे हो!” सातवीतली लेक कळवळली. चार वर्षं हट्ट केल्यावर तिला मैत्रिणीच्या घरचं हे पिल्लू मिळालं होतं. पाय काडेपेटीतल्या काड्यांसारखे, म्हणून तिने त्याचं नाव काड्या ठेवलं होतं. परत नेऊन द्यायचं, हे ऐकताच तिने टोपली स्वतःकडे ओढली.

“नियमाला वय नसतं,” साहेब म्हणाले.

“नावच काड्या ठेवलंय म्हटल्यावर तो काड्या करणारच,” आप्पांनी भर घातली. आप्पा म्हणजे साहेबांचे वडील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केल्यामुळे त्यांना तीनचा चहा तीन वाजून एका मिनिटाने चालत नसे.

साहेबांची बायको नर्स होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, लग्नानंतरही तुम्ही असाच एक कागद लावला होतात. कुठे गेला तो?”

साहेबांना नेमकं ते ऐकू आलं नाही.

मैदान घरापासून चार पावलांवर, त्यामुळे साहेब दुपारी जेवायला घरी येत. मंगळवारी ते आले तेव्हा बायको ड्यूटीवर, लेक शाळेत आणि आप्पा आतल्या खोलीत घोरत होते. काड्या टोपलीत शहाण्यासारखा बसला होता. साहेबांनी बायकोने भरून ठेवलेला डबा उघडला. काड्या उठून आला, त्यांच्या बुटावर एक पाय ठेवला आणि हनुवटी वर करून बघत बसला. भुंकला नाही, रडला नाही, नुसता बघत राहिला. अशा नजरेची सवय साहेबांना होती. रोज वीसजण त्यांच्याकडे असे बघत. पण त्यांच्यातल्या कोणाचे कान एवढे मोठे नव्हते.

“परीक्षा म्हणून,” साहेब स्वतःशी पुटपुटले आणि उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग खाली धरला. ताटातलं घेतो की नाही, हे तपासायला नको? काड्याने घेतलं. चूक झाली खरी, पण साक्षीदार नव्हता. बुधवारी फेरपरीक्षा झाली. गुरुवारी तर काड्या बुटावर पाय ठेवण्याआधीच अंडं सोललेलं होतं.

गुरुवारी रात्री मात्र वेगळंच घडलं. आठच्या ठोक्याला वाडगा ठेवला, तर काड्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. शुक्रवारी सकाळीही तेच.

“बिचारा आईच्या आठवणीने झुरतोय,” आप्पा म्हणाले.

“झुरत नाही, बाबांच्या नियमांनी त्याचं मन मोडलंय,” लेकीचे डोळे भरले.

साहेबांच्या काळजाला ते लागलं. अर्ध्या अंड्यावर हा जीव किती दिवस तग धरणार? शुक्रवारी दुपारी त्यांनी दोन अंडी उकडली आणि दोन्ही त्यालाच दिली. खाऊन होताच काड्या सोफ्यावर चढला, दोन उचक्या दिल्या आणि सगळं उशीवर काढून ठेवलं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हे कळलं तर काड्या जाणार, आणि अंड्याचं कळलं तर अब्रू. त्यांनी बाह्या सरसावून उशी पुसली आणि डाग खाली जाईल अशी ती उलटी केली. तर खालच्या बाजूला आधीचाच एक डाग होता. कोणीतरी तो घासून घासून पुसला होता. शेजारी बिस्किटाचा चुराही होता.

हे कोणी केलं, असं विचारायला साहेबांची जीभ वळवळत होती. पण विचारायचं कसं? तू उशी का उलटलीस, हा प्रश्न लगेच परत आला असता. साहेबांनी आळीमिळी गुपचिळी केली.

शनिवारी काड्या टोपलीतून उठेना. सगळेजण त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. वाटेत लेकीने त्याला छातीशी घट्ट धरलं होतं आणि साहेब दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपलं आणि त्याला काट्यावर ठेवलं. “सोमवारी लस टोचायला आणलात तेव्हा पावणेतीन किलो होता. आज साडेतीन किलो भरतोय.”

“पण डॉक्टर, तो काहीच खात नाही!” चौघं एका सुरात म्हणाले.

“मग काय हवेवर फुगला? याला काही झालेलं नाही. याला जास्त झालंय. वरचं काय काय देता?”

चौघांनी चार भिंतींकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी काड्याला जमिनीवर सोडलं. तो सावकाश उठला आणि आधी साहेबांच्या बायकोच्या पर्सपाशी गेला.

“सकाळी सहाला ड्यूटीवर निघताना थोडं दूध,” बायको हळूच म्हणाली. “आणि चीज. नुसतं दूध कसं द्यायचं?”

मग तो आप्पांच्या खिशाशी जाऊन बसला.

“तीनच्या चहाला एकट्याने बिस्किट खाववत नाही रे,” आप्पा म्हणाले. “तो पण अगदी तीनला हजर असतो. घड्याळासारखा.”

लेकीच्या दप्तराची चेन काड्याने नाकानेच सरकवली. आत पावाचे तीन तुकडे होते. “वाडगा खाईना, म्हणून मी जास्त द्यायला लागले,” ती मुसमुसली. उशीवरचा पहिला डाग आप्पांनी पुसला होता, तेही बाहेर आलं.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” साहेब करड्या आवाजात सुरुवात करणार होते. तेवढ्यात काड्या त्यांच्यासमोर आला. बुटावर पाय ठेवला. हनुवटी वर केली.

“खिशात काय आहे, साहेब?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“रुमाल.”

“आणि रुमालात?”

साहेबांनी रुमाल उघडला. उकडलेलं अंडं होतं, सोललेलं. “दवाखान्यात वेळ लागला तर त्याला भूक लागेल म्हणून...”

लेकीला हसू यायला हवं होतं, पण तिला रडूच फुटलं. “बाबा, मग तीनपेक्षा जास्त चुका झाल्या. काड्या परत जाणार?”

“नियमाने बघितलं तर आपण चौघांनी जायला हवं,” आप्पा म्हणाले. “घर काड्याला राहील.”

साहेबांनी घसा खाकरला. अठरा वर्षांत त्यांनी एकही निकाल फिरवला नव्हता. “उमेदवाराने शिकवलं तसंच केलं,” ते म्हणाले. “त्याची चूक नाही. तो पास.” मग वाकून त्यांनी काड्याला उचललं आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानात काहीतरी लाडिक बोलले.

घरी आल्यावर लेकीने टोपलीवरचा ‘एल’ हलकेच सोलून काढला. त्याला अजून चांगला डिंक होता.

सोमवारी साहेब निघाले तेव्हा तिने त्यांना पाठीमागून घट्ट मिठी मारली. साहेब सुखावले. मैदानावरही सगळं गोड गोडच चाललं होतं. एरवी त्यांना बघून इकडेतिकडे पांगणारे ड्रायव्हिंग स्कूलवाले आज चक्क हसून नमस्कार करत होते.

बेकरीवाल्या बाई पाचव्यांदा आल्या होत्या. पदराचं टोक पिळत त्या साहेबांच्या मागे मागे गाडीपर्यंत चालत आल्या आणि एकदम थांबल्या.

“साहेब, तुम्हीसुद्धा शिकताय?”

साहेब चमकले. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दिसतंय की.”

बातमी दवाखान्यातून इथवर आली तर! लपवून काय उपयोग? “शिकतोय, बाई,” साहेबांनी उसासा टाकला. “आठ दिवस झाले. घरचे सगळे सांभाळून घेतात. पण चुका होतातच.”

“चालायचंच,” म्हणत बाई गाडीत बसल्या. पदराचं टोक त्यांनी सोडून दिलं होतं. गाडी मागे गेली आणि शेवटचा शंकू आडवा झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी शंकूकडे बघितलं, मग बाईंकडे.

“पुन्हा घ्या. सावकाश,” ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी एकही शंकू हलला नाही.

“तुम्हालाही जमेल, साहेब,” कागद छातीशी धरून बाई म्हणाल्या. “मी पाच वेळा आले की नाही?”

साहेब मनापासून “थँक्यू” म्हणाले आणि शंकू सरळ करायला वळले. त्यांच्या पाठीवरचा लाल ‘एल’ रांगेतल्या सगळ्यांनी बघितला. कोणी काही बोललं नाही. शिकाऊ माणसाला सांभाळून घ्यायचं असतं.