बुळबुळ्याच्या नव्याण्णव वाट्या

अन्न हे खाण्यासाठी असते, हे सर्वमान्य सत्य आहे. तुम्हाला ते मान्य नाही, असा माझा तुमच्यावर सरळ आरोप आहे. तुमच्यावर म्हणजे, पडद्यापलीकडे बटणांवर बोटे ठेवून बसलेले जे कोणी साहेब असाल त्यांच्यावर. मी तुमच्या व्हिडिओ गेममधला आचारी. तिसऱ्या दरवाज्याजवळची चूल माझी. तुमचा नायक शत्रू मारून आणतो, मी शिजवतो. टिपणे ठेवायचा नियम आहे, म्हणून ठेवली आहेत.

आगसरडा: विस्तव लागत नाही, स्वतःच पेटतो. आधी शेपूट कापावी. (मी आधी डोके कापले. भुवया अजून उगवल्या नाहीत.)

दगडी राक्षस: चार तास उकळावा, दगड काढून पाणी प्यावे. ताकद वाढते असे नियमात लिहिले आहे. नियमाला जीभ नसते, त्याचे काय जाते!

बुळबुळ्या: हिरवा, लिबलिबीत, मारायला सगळ्यात सोपा. एक वाटी सूप प्यायल्यास प्राण वीस टक्के वाढतात. मेल्यावर दहाव्या मिनिटाला त्याच झुडपामागे पुन्हा जन्मतो. ही व्यवस्था फारच स्तुत्य आहे. एकाच गरिबाला हवे तितक्या वेळा मारता येते आणि लोकसंख्याही घटत नाही.

इतक्यांदा आला की ओळख झाली. चाळिसाव्या खेपेला म्हणाला, "काका, मीठ जरा बेतानं." साठाव्या खेपेपासून स्वतःच पातेल्यात उतरू लागला. आज शंभराव्या खेपेला पातेल्याच्या काठावर थबकला.

"काका, खरं सांगा. लागतो कसा मी?"

मी झाकण ठेवले. आचाऱ्याला चाखायची परवानगी नाही आणि नायकाने एकही वाटी तोंडाला लावलेली नाही. नव्याण्णव वाट्या त्याच्या पिशवीत आहेत. पिशवी शंभरावी घेत नाही, म्हणून आजचे सूप मी मोरीत ओतले.

नायकाला विचारले, तर म्हणाला, "शेवटच्या राक्षसासाठी राखून ठेवलंय. साहेबांचा हुकूम."

"अरे, पुलावर सात वेळा मेलास, तेव्हा?"

"तेव्हाही पिशवी भरलेलीच होती, काका."

"आणि शेवटचा राक्षस तर तू काल मारलास!"

"हो. दोन टक्के प्राण उरले होते. पण साहेब म्हणाले, राहू दे, कधीतरी लागेल."

हसू नका, साहेब. पडद्यातून तुमच्या मागचे काचेचे कपाट मला दिसते. पाहुण्यांसाठीचे सहा कप, अजून खोक्यातच. पाहुणे आले, तेव्हा कान तुटलेले रोजचेच कप निघाले. आईने खोक्यातल्या कपातून एकदा चहा मागितला, तर म्हणालात, "राहू दे गं, फुटतील."

दहा मिनिटे होत आली. झुडूप हलते आहे. तो येऊन तेच विचारणार. एक वाटी काढा, प्या, आणि सांगा: कसा लागतो?