हळदीच्या अंगानं पाहिलेला सिनेमा

सुमंतच्या अंगाला हळद लागत होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि तो मात्र एका सिनेमाचा शेवट काय असेल या काळजीत बुडाला होता.

त्याचं असं झालं. पलूसच्या टॉकीजला लग्नाच्या तयारीवरचा एक विनोदी सिनेमा लागला होता. बस्ता, मानपान, रुसलेली मावशी आणि या गोंधळात एकमेकांना ओळखू लागलेला मुलगा नि मुलगी, असा सगळा मामला. कुंडलच्या मयूरीनं, म्हणजे सुमंतच्या होणाऱ्या बायकोनं, एकदा फोनवर सहज विचारलं, बघितला का? होणाऱ्या बायकोला नाही म्हणायला छाती लागते. सुमंत म्हणाला, बघितला की, लय भारी हाय. मयूरी म्हणाली, तिनंही बघितलाय. मग काय, रोज फोनवर सिनेमाच.

सुमंतचा मित्र आसिफ टॉकीजच्या फाटकाबाहेर माईक घेऊन उभा राही आणि बाहेर पडणाऱ्यांची मतं मोबाईलवर घेऊन आपल्या चॅनलवर टाकी. सुमंतनं ती मतं तोंडपाठ केली. ‘पहिला भाग पळतो, दुसरा जरा ताणलाय’, ‘मावशीनं सिनेमा खाल्लाय’, हे सगळं तो स्वतःचं म्हणून मयूरीला ऐकवी. तीही दर वेळी म्हणे, अगदी माझ्या मनातलं बोललात. मनं इतकी जुळलेली पाहून सुमंतला भरून येई. मयूरी त्याला फार आवडली होती.

पण शेवट कुणी फोडायचा नाही, असा आसिफचा नियम होता. आणि हळदीच्या आदल्या दिवशी मयूरीचा आवाज एकदम बदलला.

“त्या शेवटाबद्दल तुमचं मत काय हाय, ते मला अक्षता पडायच्या आधी पायजे,” ती म्हणाली. “बाकी काय बी चालंल मला. खोटं बोलणारा माणूस तेवढा नको.”

सुमंतनं फोन ठेवला. तो आसिफकडे धावला, तर आसिफनं अजून सिनेमाच बघितलेला नव्हता. त्याचा सगळा धंदा फाटकाबाहेरचा. त्याचे चाचा, तिकीट खिडकीवरचे याकूबचाचा, त्यांनी तर कित्येक वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं. का, ते कुणाला माहीत नव्हतं. आता हळदीच्या दिवशी दुपारी गुपचूप जाऊन सिनेमा बघणं एवढंच सुमंतच्या हातात उरलं.

हळद झाली. कपाळाला मुंडावळ्या आल्या, हातात कट्यार आली आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. चुलते हंबीरराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “हळदीच्या अंगानं वेस वलांडायची न्हाई. वासावर येत्यात.” कोण येतात ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती.

नवरदेवाची उष्टी हळद वाटीत घेऊन शालूआत्या जीपनं कुंडलला गेली, मयूरीला लावायला. परत आल्यावर ती तडक हंबीररावांकडे गेली. टॉकीजच्या फाटकापाशी जीपला गचका बसला आणि थोडी हळद रस्त्यावर सांडली, एवढंच तिनं सांगितलं. हंबीररावांनी विचारलं, पुसून घेतलीस का?

“पुसाया खाली उतरले,” आत्या म्हणाली, “तर हळद जाग्यावर न्हवतीच.”

हंबीरराव देवघराकडे वळले आणि सुमंत मागच्या परड्यातून सटकला. तोंडावर टॉवेल, कट्यार सदऱ्याखाली, पोटाला लिंबू टोचतंय. खिडकीत डुलक्या घेणाऱ्या याकूबचाचांनी मान वर न करता तिकीट दिलं. आत मोजकीच माणसं होती, तीही पुढे. सुमंत शेवटच्या रांगेत अगदी कडेला बसला. दिवे गेले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मात्र पाय गार पडत होते.

सिनेमा खरंच चांगला होता. सुमंत कट्यार मांडीवर घेऊन खुशाल हसू लागला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, सगळ्यांचं हसून झालं तरी एक हसू मागे उरतंय. बाईचं, बारीक, आपल्याच रांगेतलं. पडद्यावर मांडव उजळला तेव्हा त्यानं मान वळवली. रांगेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं होतं. पिवळी साडी, पिवळे हात, तोंड पदरानं नाकापर्यंत झाकलेलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

सुमंतनं मान सरळ केली ती केलीच. हसू चालूच होतं. ती इतकी लांब असून हसू इतकं जवळून कसं येतंय, हे त्याला कळेना. टॉकीजच जुनी, आवाज घुमत असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पडद्यावर अंतरपाट धरला गेला, आता शेवट येणार, आणि तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी सुखाचा सुस्कारा टाकला. ओल्या हळदीचा वास आला. तो स्वतःचाच असावा, पण खात्री करायला सुमंत थांबला नाही. उसातून पळत तो घरी पोचला तेव्हा कट्यार हातात होती, लिंबू नव्हतं.

“लिंबू कुठाय रं?” हंबीररावांनी विचारलं.

तहान लागली होती म्हणून सरबत केलं, असं सुमंत म्हणाला. हंबीररावांनी दुसरं लिंबू आणून लावलं, जरा मोठं.

आता मयूरीला काय सांगायचं? आणखी एक थाप मारणं सोपं होतं. पण थापेच्या पायी आजची दुपार घडली होती, आणि असल्या दुपारी जन्मभर काढायची त्याच्यात ताकद नव्हती. लग्न मोडलं तर मोडलं, असं म्हणून त्यानं रडवेल्या तोंडानं फोन लावला.

“मी शेवट बघितला न्हाई,” तो म्हणाला. “सिनेमाच आज पयल्यांदा बघितला. ती समदी मतं आसिफच्या चॅनलवरची.”

मग मयूरी हळूच म्हणाली, “मी बी तीच बघत हुते.”

मग तिनं सगळं सांगितलं. तिनंही थापच मारली होती, आणि ती उघडी पडायच्या आधी त्याच्याकडून शेवट काढून घ्यायला तो दम दिला होता. हळद लागल्यावर मन खाऊ लागलं, म्हणून मैत्रिणीच्या गाडीवरून तीनच्या खेळाला आली, तर रांगेच्या दुसऱ्या टोकाला एक पिवळा माणूस सुरा घेऊन बसलेला. अंतरपाट आला आणि ती पळाली. सुमंतला इतकं हलकं वाटलं की त्याचे डोळे भरले. ती दोघं पोट धरून हसली.

“पर तुमी हसताय किती वो,” तो म्हणाला. “समदी गप झाली तरी तुमचं चालूच.”

“मी?” मयूरी म्हणाली. “मी तोंडात पदर कोंबून बसल्याली.”

दोघांनीही घाईनं फोन ठेवला. संध्याकाळी आसिफचा नवा व्हिडिओ आला. कॉलेजचा एक पोरगा म्हणत होता, लव्हस्टोरी म्हणून आलो, मागच्या रांगेनं घाम फोडला. सर्वांत शेवटी एक म्हातारी होती. सिनेमा बरा हाय, ती म्हणाली, पर मागं ती तिगं पिवळी बसल्याली, ध्यान तिकडंच जातंय. कडंची दोगं भ्याल्याली वाटली. मदली मातर लय खुशीत हुती.

अक्षता निर्विघ्न पडल्या. पूजा झाली, हळद उतरली, आणि राहिलेला शेवट एकत्र बघायचा असं ठरवून ती दोघं दिवसाउजेडी टॉकीजवर आली. सुमंतनं दोन तिकिटं मागितली. याकूबचाचांनी चष्म्यावरून त्यांच्या पाठीमागे बघितलं.

“दोनच?” ते म्हणाले.

सुमंतनं मयूरीकडे बघितलं आणि मुकाट्यानं तीन घेतली. आत गेल्यावर मधली खुर्ची कुणी न सांगताच रिकामी राहिली. पडद्यावर अंतरपाट धरला गेला, हळदीचा वास आला, मधून एक हुंदका आला आणि त्यामागून हसू.

बाहेर आसिफ माईक घेऊन उभाच होता. मित्र आणि वहिनी एकदम मिळाल्यामुळे तो खुशीत होता. शेवट कसा वाटला, त्यानं विचारलं.

“खरं सांगू?” सुमंत म्हणाला. “डोळं मिटलं हुतं.”

“माजं बी,” मयूरी म्हणाली.

आसिफ हसला. मग त्यानं माईक दोघांच्या मधोमध धरला आणि अदबीनं विचारलं, “आनि ताई, तुमाला?”

ताईंचं मत ऐकायला ती दोघं थांबली नाहीत. पण मनं इतकी जुळलेली होती, की पाय दोघांनी एकदमच उचलले.