तात्यांचं परराष्ट्र धोरण

आमच्या पूर्णगडात मांजरीनं बांगडा पळवला, तर माणसं तिला शिव्या घालतात. भिकूतात्या तिचा निषेध करतात, तोही इंग्रजीत. सकाळी बंदराकडून "वुई स्ट्राँगली कंडेम!" असं खणखणीत ऐकू आलं की समजावं, तात्या मासळी घेऊन घरी निघाले.

तात्या माझे शेजारी. चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे होडी आणि खलाशी त्यांच्या शब्दावर चालायचे. आता गुडघे गेले, शब्द तेवढे उरले. गेल्या दिवाळीपासून ते रोज दुपारी मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवतात आणि परराष्ट्र धोरणावरची भाषणं ऐकतात. मंत्री कुठलाही चालतो, देश कुठलाही चालतो. नवा शब्द आला की भाषण थांबवायचं, तो वहीत देवनागरीत लिहायचा आणि कुंपणावरून मला हाक मारायची, "बाई, रेसिप्रोकल म्हंजे काय वो?"

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. शेजारची मास्तरीण सोडून हा गृहस्थ मंत्र्यांची शिकवणी लावतो, याचा मला राग येणारच की! एकदा म्हटलंसुद्धा, "तात्या, आधी रोजचं बोलायला शिका. माय नेम इज, हाऊ आर यू."

"तुमचा इंग्रजी घरगुती, बाई," ते म्हणाले. "मला मोठा लागतोय."

शिकलेला शब्द त्याच दिवशी वापरायचा, हा त्यांचा नियम. माझ्या माडाची झावळ त्यांच्या अंगणात पडली की मला टेरिटोरियल इंटेग्रिटी ऐकावी लागते. एसटी उशिरा आली की कंडक्टरला "रिग्रेटेबल". आमटीत मीठ जास्त झालं की "डीप कन्सर्न". त्यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आतून म्हणतात, "मग गिळू नका."

हे खूळ कशासाठी, ते मला यंदा श्रावणात कळलं. तात्या वही घेऊन माझ्या पडवीत आले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

त्यांचा मुलगा महेश बोटीवर नोकरीला. सहा वर्षांपूर्वी त्यानं तिकडेच जॉय नावाच्या फिलिपिन्सच्या मुलीशी लग्न केलं. "ती माझ्या घराचा उंबरठा चढणार नाय," असं फोनवर सांगून तात्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून महेशचा फोन यायचा तो काकींना. तात्या ताडकन उठून ओटीवर जायचे आणि कान मात्र आतच ठेवायचे. आता महेशला रजा मिळाली होती. नारळी पौर्णिमेला घरचा नारळ समुद्राला द्यायला तो यायला तयार होता. पण जॉयची गेल्या दिवाळीपासून एकच अट होती. तात्यांनी स्वतः बोलवायचं.

"मग मराठीत बोला, महेश सांगेल तिला," मी म्हटलं.

"मी तोडलाय, बाई. मीच जोडाया हवा."

"अहो, पण त्यासाठी मंत्र्यांची भाषणं?"

"तुमच्या पुस्तकात चहा मागायला शिकवतात, रस्ता विचारायला शिकवतात. भांडलेल्या माणसानं परत बोलायला कशी सुरुवात करायची, ता खय शिकवतात? ह्या मंत्र्यांचा तर रोजचा धंदाच तो."

मला माझीच लाज वाटली. त्यांनी वही पुढे केली. मागच्या भूमिकेबद्दल खेद आहे, चर्चेला कुठलीही पूर्वअट नाही, सीमा खुली आहे, असं सगळं त्या इंग्रजीत होतं. व्याकरणाची पार वाट लागली होती. मी लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"बरोबर हाय?"

"एक अक्षर बदलू नका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून तात्या फोनसमोर उभे राहिले. धीर म्हणून मला बसवून घेतलं. काकी आत नारळ खवत होत्या. पलीकडच्या होडीला हाक मारावी तशा आवाजात तात्यांनी अख्खं पान वाचलं. शेवटी वही खाली आली, आणि न लिहिलेलं एक वाक्य निघालं, "आय रिग्रेट, जॉय. व्हेरी मच."

मग फोनमधून एक बारीक आवाज आला, अगदी काकींच्याच हेलात, "तात्या, जेवलात काय?"

आतली खवणी थांबली. आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सहा वर्षं महेशशी बोलतेय असं दाखवत ही बाई त्याच्या फोनवरून सुनेला मराठी शिकवत होती, आणि नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता!

तात्यांनी वहीची पानं उलटली. पुढची, मागची. मग वही मिटून खुर्चीवर ठेवली.

"होय गो बाय, जेवलो," ते म्हणाले. "तू जेवलीस? कधी येतेस गो?"

धडधडीत खोटं. धास्तीनं त्यांनी सकाळपासून पेजेचा घोटसुद्धा घेतला नव्हता. फोन संपल्यावर काकींनी मुकाट्यानं ताट वाढून आणलं. आमटीचा पहिला भुरका मारला आणि तात्या ढसाढसा रडायला लागले.

"मीठ जास्त झाला काय?" काकींनी विचारलं.

"नाय," तात्या म्हणाले. "बरोबर हाय."